‘मधेच सेव्ह’ नसलेला खेळ

(पालकांच्या लेखणीतून)

दिवाळीच्या सुट्टीत माझा मुलगा भिलाईला घरी आला. पहिले दोन दिवस त्याची शाळेची शिस्त टिकली. पहाटे साडेपाचला उठणे, पांघरुणाची चौकोनी घडी, बूट चकचकीत. तिसऱ्या दिवशी मी पहिली पाळी संपवून दुपारी क्वार्टरवर आलो, तर स्वारी पलंगावर आडवी. हातात आईचा मोबाइल, कानात इअरफोन आणि तोंडाने "मागून ये, मागून ये" असा पुकारा. जेवणाचे ताट झाकलेले तसेच होते.

मी मोबाइल काढून घेतला आणि दर सुट्टीत ऐकवतो ते वाक्य ऐकवले : "या खेळांपायी माझं एनडीए गेलं. तुझं जाऊ नये."

एरवी तो मान खाली घालतो. या वेळी शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही खेळत होते तो गेम कोणता होता? एकदा दाखवा ना."

हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. मी लेखक नाही. माझे वडील साठच्या दशकात भंडारा जिल्ह्यातून पोलाद कारखान्यात नोकरीला आले, मीही त्याच कारखान्यात आहे. पण आपल्या शाळेच्या मराठी पानावर पालकांनीही लिहावे असे आवाहन आहे, आणि या विषयावर कॅडेट, शिक्षक आणि पालक तिघेही एकमेकांशी नीट बोलत नाहीत असे मला वाटते, म्हणून लिहितो.

तो खेळ होता ‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’. माझ्या वयाचे जे पालक हे वाचत असतील त्यांच्या चेहऱ्यावर आताच हसू आले असेल. नॉर्वेमधल्या इनरलूप स्टुडिओज या कंपनीने तो बनवला आणि 2000 च्या डिसेंबरमध्ये तो बाजारात आला. आपल्याकडे तो सायबर कॅफेंतून पसरला. सुपेल्यातल्या एका अरुंद कॅफेत आम्ही चार मुले एका खुर्चीभोवती उभी राहून तो खेळायचो. तासाला वीस रुपये. एकाच्या हातात माउस, बाकी तिघांच्या तोंडात सल्ले.

जोन्स नावाचा एक माजी ब्रिटिश कमांडो शत्रूच्या तळात एकटा घुसतो. चोरीला गेलेले अण्वस्त्र शोधायचे असते. एकूण चौदा मोहिमा. प्रत्येक मोहिमेआधी दुर्बीण हातात, आणि वरून तळ दाखवणारा एक नकाशा-संगणक सोबत.

आता खरे बोलायचे तर हा खेळ सदोष होता, आणि दोष लहान नव्हते. पहिला म्हणजे मोहिमेच्या मधे खेळ ‘सेव्ह’ करता येत नसे. अर्धा तास सावधपणे सरपटत गेलात आणि शेवटच्या दारात गोळी लागली, की पुन्हा पहिल्यापासून. दुसरा दोष शत्रूच्या अकलेचा. पहारेकरी ठरलेल्या वाटेने येरझारा घालायचे, आणि शेजारचा माणूस कोसळला तरी पुष्कळदा त्यांना पत्ता नसे. याउलट एकदा का कॅमेऱ्याने तुम्हाला पाहिले आणि धोक्याची घंटा वाजली, की बराकीतून सैनिक निघत राहायचे. एवढ्या खोलीत एवढी माणसे मावली कशी, याचा विचार बनवणाऱ्यांनी केला नव्हता. तिसरा दोष, मित्रासोबत खेळायची सोय नाही. त्या काळातल्या परदेशी समीक्षकांनी या गोष्टींवर बोट ठेवलेच होते.

तरी आम्ही तो का खेळत राहिलो? मुलाला दाखवताना हे मला पहिल्यांदा नीट समजले.

जुन्या लॅपटॉपवर खेळ बसवला आणि त्याच्या हाती दिला. आजच्या मोबाइलच्या खेळांत तो तरबेज आहे, त्यामुळे सरळ पळत सुटला. मेला. पुन्हा पळाला, पुन्हा मेला. सहा वेळा झाल्यावर चिडून म्हणाला, "मधे सेव्ह का नाही होत याच्यात? बकवास गेम आहे." मी काही बोललो नाही. मग थोड्या वेळाने तो उठला, वहीचे एक पान फाडले, त्यावर कुंपण काढले, मनोरे काढले, कॅमेरा कुठे फिरतो ते काढले. दुर्बिणीने एका पहारेकऱ्याकडे पाहत तो ओठांतल्या ओठांत सेकंद मोजू लागला. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायला त्याला किती वेळ लागतो ते लिहिले. मग घुसायची वाट आखली, निघायची वाट आखली, आणि घंटा वाजलीच तर मागे कुठे यायचे तेही लिहिले. आठव्या खेपेला मोहीम फत्ते झाली.

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. सोळाव्या वर्षी मी अगदी असेच नकाशे काढायचो. फरक एवढाच, की माझे नकाशे गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर होते.

ज्याला आम्ही सगळ्यांनी दोष म्हटले, त्यानेच आम्हाला आधी पाहायला, मग आखायला आणि मग हलायला शिकवले. मरण स्वस्त असते, तर कोणी दुर्बीण डोळ्याला लावली नसती. आणि ते मोठे मोकळे मैदान आले कुठून, तेही ऐकण्यासारखे आहे. याच कंपनीने 1997 मध्ये ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ नावाचा लढाऊ विमानाचा खेळ बनवला होता. विमानाला मैलोन्‌मैल जमीन लागते. तेच तंत्र त्यांनी पायदळाच्या खेळाला वापरले. म्हणून त्या काळातले दुसरे खेळ खोल्या आणि बोळांत अडकलेले असताना इथे डोंगरावर चढून चहूबाजूंनी तळ न्याहाळता येई.

पण मुलाने मला आणखी एक दोष दाखवला, जो मला पंचवीस वर्षांत दिसला नव्हता. म्हणाला, "बाबा, हा एकटाच का जातो? आमचे उस्ताद सांगतात, एकटा कोणी जात नाही. बडी पेअर असते. एक हलतो तेव्हा दुसरा कव्हर देतो. आणि याला जखमी झाल्यावर उचलणार कोण?" शाळेतल्या उस्तादांना हे वाचून बरे वाटेल. माझ्या पिढीने त्या एकट्या जोन्सकडे बघून पराक्रम म्हणजे एकट्याने करायची गोष्ट, असे मनात घेतले. सैन्याची पहिली शिकवण याच्या नेमकी उलट आहे. माझ्या मते त्या खेळाचा सर्वांत वाईट दोष हाच होता, आणि तो कोणाही समीक्षकापेक्षा माझ्या पोराने नीट ओळखला.

त्या रात्री जेवताना त्याने हिशेब मांडला. "बाबा, तासाला वीस रुपये. तुम्हाला आठवड्याला किती मिळायचे?"

"चाळीस."

"म्हणजे दोन तास. आठवड्यात दोन तास खेळून एनडीए कसं गेलं?"

माझ्या आईने पदराआड हसू लपवले. मला उत्तर सुचेना. कारण उत्तर मला ठाऊक होते. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला 300 गुण असतात. मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गणितात आपटलो. त्रिकोणमिती मला जमत नव्हती, आणि जमत नाही हे सरांना सांगायची लाज वाटत होती. शिकवणीला जातो सांगून मी मैत्री बागेच्या बाजूला सायकल फिरवत बसायचो. निकाल लागला तेव्हा वडिलांना काहीतरी कारण हवे होते, आणि कॅफेचे कारण तयारच होते. त्यांनी ते धरले, मीही धरले. वीस वर्षांहून अधिक काळ मी तेच सांगत आलो. खेळ सदोष होता, पण हा दोष त्याचा नव्हता. तो माझा होता.

हे छापील पानावर लिहायला जड जाते आहे. तरी लिहितो, कारण पालक म्हणून आपण सगळेच हे करतो. मुलाचे गुण घसरले की मोबाइलकडे बोट दाखवणे सोपे असते. कधी ते बरोबरही असते. पण कधी त्या मोबाइलच्या मागे न समजलेला एक धडा लपलेला असतो, आणि आपण मोबाइल फोडतो, धडा तसाच राहतो.

याचा अर्थ सगळे खेळ चांगले, असा कोणी काढू नये. माझ्या दोन तासांवर कॅफेवाल्याच्या घड्याळाचा पहारा होता. वेळ संपली की तो पडदाच बंद करायचा. शिवाय मोहिमेला शेवट होता. आजच्या मोबाइलवरच्या लढायांना शेवट नाही. एक संपली की दुसरी तयार, आणि कॅफेवाला कोणीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या यादीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, खेळाच्या व्यसनाला आजार म्हणून जागा दिली आहे. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला वर ठेवणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे सहसा वर्षभर चालू असणे, ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. असे असेल तर रागावण्याऐवजी डॉक्टर गाठावा. आणि पैसे लावून खेळायच्या खेळांत तर मला घेण्यासारखे काही दिसत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला, ते योग्यच झाले.

उरलेल्यांचे काय? सदोष खेळातला चांगला भाग ओळखायचा कसा, याची दोन आपल्या देशातली उदाहरणे सांगतो.

पहिले पुण्याचे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या कंपनीने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ 2020 मध्ये आणला. त्याआधी 2017 मध्ये लोकांकडून निधी गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी काम सोडले नाही. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या राजी नावाच्या मुलीची ती कथा आहे, आणि ती आपल्याला दुर्गा आणि विष्णू सांगतात. खेळायला घेतल्यावर उणिवा लगेच जाणवतात. लढाईत हालचाली अडखळतात, पाच-सहा तासांत सगळे संपते, आणि शेवट असा अर्धवट सोडला आहे की माझ्या पुतणीने "एवढंच?" असे विचारले. पण राजस्थानी वाडे आणि किल्ले, पहाडी शैलीतल्या लघुचित्रांसारखे रंग आणि मधूनमधून छायाबाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट, हे सगळे जगभरच्या खेळाडूंनी पहिल्यांदा पाहिले. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्या वर्षीच्या पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांत त्याला नामांकन मिळाले. पुढे सुधारित आवृत्ती निघाली, तीत हिंदी आवाजही आले. म्हणजे बनवणाऱ्यांनी टीका ऐकली आणि कामाला लागले. कॅडेट्सनो, ‘फेल’ झाल्यावर काय करायचे, याचा हा धडा खेळाच्या आत नाही, खेळाच्या मागे आहे.

दुसरे उदाहरण ‘फौजी’चे. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने पब्जीसह 118 ॲप्सवर बंदी घातली. दोनच दिवसांनी एन-कोअर गेम्सच्या ‘फौजी’ची घोषणा झाली आणि 26 जानेवारी 2021 ला तो आला. गलवान खोऱ्यातली चकमक हा विषय. मिळकतीतला वीस टक्के वाटा ‘भारत के वीर’ निधीला देण्याचे जाहीर झाले होते. लोकांनी दुसऱ्या पब्जीची वाट पाहिली होती. हाती आले ते वेगळेच. बंदूक नाही. मित्रांसोबत खेळता येत नाही. तीच तीच मारामारी, मार आणि अडव, मार आणि अडव. आमच्या विभागातल्या तरुण पोरांनी दोन दिवसांत तो काढून टाकला. "काका, फौजी आहे आणि बंदूक नाही?" असे मला एकाने हसत विचारले होते.

मीही हसलो होतो. आता त्या हसण्याची लाज वाटते. गलवानमध्ये 15 जून 2020 च्या रात्री खरोखरच गोळी चालली नव्हती. 1996 च्या करारानुसार दोन्ही देशांनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याचे मान्य केले आहे. कर्नल बी. संतोष बाबू आणि त्यांचे जवान त्या थंडीत, त्या उंचीवर, दगड आणि खिळे ठोकलेल्या दांड्यांसमोर हातघाईने लढले. आपले वीस जवान शहीद झाले. त्यांत एक आपल्या छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यातले गणेशराम कुंजाम होते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आम्ही त्या खेळाला हसलो, तीच त्यातली सर्वांत खरी गोष्ट होती. खेळ कंटाळवाणा होता हे मी आजही म्हणेन. पण बंदूक नसणे हा त्याचा दोष नव्हता. आमचे अज्ञान होते ते. आणखी एक बारीक गोष्ट त्यात होती : घायाळ सैनिकाला ताकद परत मिळवायला शेकोटीजवळ बसावे लागे. जादूच्या पेटीऐवजी शेकोटी. हिमालयात ड्यूटी केलेल्या माणसाला त्याचे मोल सांगावे लागणार नाही.

सदोष खेळातून कामाचे काढून घेणे हे सैन्यालाही नवे नाही. बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंना सगळे दिसते, खऱ्या युद्धात दिसत नाही. म्हणून 1824 मध्ये प्रशियाचा अधिकारी राइसविट्झ याने नकाशावरचा युद्धखेळ सैन्यापुढे मांडला, ज्यात पंच मधे बसे आणि शत्रू दिसेल तेवढाच दाखवी. त्याचेही नियम इतके किचकट झाले की 1876 मध्ये फेर्दी द्यू व्हर्न्वा याने ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ सोपवला. अमेरिकेच्या मरीन कोअरने तर 1996 मध्ये ‘डूम 2’ हा राक्षस मारायचा खेळ घेतला, राक्षस काढून टाकले, आणि चार जणांच्या तुकडीने एकमेकांशी बोलत पुढे कसे जायचे याच्या सरावाला तो लावला. पुढच्याच वर्षी त्यांचे कमांडंट जनरल चार्ल्स क्रुलॅक यांनी निर्णयक्षमतेच्या सरावासाठी असे खेळ वापरायला अधिकृत परवानगी दिली. त्या खेळात थकवा नव्हता, पाठीवर वजन नव्हते, भीती नव्हती. हे दोष त्यांना माहीत होते. मैदानाची जागा मैदानच घेईल, पण तुकडीने बोलायचे कसे, एवढा एक धडा त्यातून घेता येईल, असे त्यांनी ठरवले.

आमच्या भिलाईत हे समजायला लांब जावे लागत नाही. झोतभट्टीत लोखंड वितळते तेव्हा वर मळी येते, आम्ही तिला स्लॅग म्हणतो. बाहेरच्याला वाटते ती टाकायची वस्तू. पण तीच मळी इथल्या जामुलच्या कारखान्यात सिमेंटला जाते. मात्र तिला लोखंडापासून वेगळी करावी लागते, आणि ते काम लक्ष देऊन करावे लागते. मळीला लोखंड समजून रूळ ओतला तर गाडी पडेल. मळी आहे म्हणून सगळीच फेकली तर सिमेंट जाईल.

म्हणून शाळेला माझी एक नम्र सूचना आहे. वसतिगृहात मोबाइलला बंदी आहे ती असू द्या. मी तिच्या बाजूने आहे. पण सुट्टीनंतर मुले परत येतात तेव्हा त्यांनी काय खेळले हे आपण विचारतच नाही, आणि ती सांगत नाहीत. वर्षातून दोनदा, सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी, एक तास ‘डीब्रीफिंग’ ठेवावे. प्रत्येक कॅडेटने एका खेळाबद्दल एक पान लिहावे. त्यात तीन दोष आणि एक चांगली गोष्ट असावी. दोष लिहिताना ‘ग्राफिक्स वाईट’ चालणार नाही. हा खेळ युद्धाबद्दल किंवा माणसाबद्दल कोणते खोटे सांगतो, ते लिहायचे. आणि चांगली गोष्ट अशी हवी, जी पडदा बंद केल्यावर परेड ग्राउंडवर, वर्गात किंवा घरी वापरता येईल. ज्या खेळाबद्दल अशी एकही गोष्ट लिहिता येत नाही, तो कॅडेट स्वतःच सोडेल असा माझा अनुभव आहे. उस्तादांनी ती पाने वाचावीत, हसावे, आणि जिथे खेळ खोटे बोलतो तिथे खरे काय ते सांगावे. त्यांच्याइतके ते कोणाला ठाऊक आहे?

पालकांना एवढेच सांगतो, मोबाइल हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसून बघा. मला पंचवीस वर्षे उशीर झाला.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मुलाने तो मोबाइलवरचा खेळ स्वतःहून काढून टाकला. मी कारण विचारले नाही. त्याला परत घ्यायचा असेल तर घेईल, ते त्याचे तो बघेल. मग तो त्रिकोणमितीचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाबा, हे उंची आणि अंतरवालं मला जमत नाही आहे. सरांना विचारायची लाज वाटते."

मी म्हणालो, "मलाही वाटायची. गेल्या गेल्या विचार."

दुर्गच्या स्टेशनवर गाडीत बसताना त्याने पुन्हा सांगितले, पहिल्याच दिवशी विचारीन म्हणून. सर, हा लेख तुमच्या वाचण्यात आला आणि त्याने अजून विचारले नसेल, तर कृपा करून तुम्हीच त्याला बोलवा.